शेवटचं पान नसलेली पुस्तकं

आठल्ये सरांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कल्याणच्या आमच्या हायस्कुलात मी गणित शिकवायचो आणि ते इंग्रजी. शिक्षकांच्या खोलीत त्यांची म्हणून एक खुर्ची होती. तिच्यावर मी बिनधास्त भूमितीच्या वह्यांचा गठ्ठा ठेवत असे. सर चहा उभ्याने पीत, पेपर येरझाऱ्या घालत तपासत आणि वर्गात तर इतके फिरत, की मागच्या बाकावरच्या मुलांना घटकाभरही झोप काढता येत नसे.

बोलणंही तसंच. आपलं वाक्य संपायच्या आत यांचं, "मग पुढं?" मला सर्दी झाली. मग पुढं? बायको माहेरी गेली. मग पुढं? आता सर्दीला पुढं काय असणार? मला या प्रश्नाची मनस्वी चीड होती.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं आणि ते नोकरीवर बेतणारं होतं. नववीच्या इंग्रजीत शौर्य शिकवण्यासाठी एका आरमारी सेनापतीचा धडा होता. दोन गलबतं, एक लढाई आणि तीन पानं टिपा. सर म्हणाले, "परांजपे, हा माणूस पहिल्या ओळीपासूनच शूर आहे हो. मुलांनी त्याच्याकडून घ्यायचं काय?" आणि ते दर रविवारी कल्याण कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात तिथे गोऱ्या सोल्जरांची छावणी होती. ते गेले, त्यांची चित्रांची कॉमिकं मागे राहिली. त्यांत लाल झगा पांघरलेला आणि विजारीवरून चड्डी चढवलेला एक इसम आकाशातून उडे आणि कोसळते पूल खांद्यावर तोलून धरी. मुलं त्याला झगेवाला म्हणत.

ही पुस्तकं सरांनी वर्गात वाटली. एकालाही शेवटचं पान नव्हतं. रद्दीचा माल, असायचाच असा, असं मी धरून चाललो. शेवट सर मुलांकडून इंग्रजीत लिहवून घेत. ज्या मुलांच्या तोंडून एरवी 'येस सर'पलीकडे इंग्रजी निघत नसे, ती मुलं मधल्या सुट्टीत शब्दकोशावरून भांडायला लागली. माझ्या तासाला बीजगणिताच्या वहीत झगे दिसू लागले, तेव्हा मी तक्रार केली. सर म्हणाले, "मग पुढं?"

सर सहा वर्षं टेंपररी होते. हेडमास्तरांनी त्या वर्षी स्पष्टच सांगितलं, "आठल्ये, इन्स्पेक्शनचा शेरा चांगला पडला तर कायम करतो. नाहीतर जूनपासून दुसरीकडे बघा. आणि ती चड्डीवाली पुस्तकं शाळेत दिसता कामा नयेत." मला ठाऊक होतं, नाशिकच्या एका शाळेने सरांना कायमची जागा देऊ केली होती आणि ती त्यांनी नाकारली होती. का, विचारलं तर म्हणाले, "कल्याण सोडता येत नाही." कल्याणात डासांखेरीज एवढं धरून ठेवणारं काय आहे, मला कळेना. पण त्या महिन्यात त्यांच्या येरझाऱ्या दुप्पट झाल्या, हे मी पाहत होतो.

इन्स्पेक्शनच्या आठवड्यात हेडमास्तरांनी फर्मान काढलं, सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर आणि वर नावाचं लेबल. आमची मुलं आज्ञाधारक. त्यांनी खरोखरच सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातली. झगेवाल्यालासुद्धा. कॉमिकं घरी ठेवा, असं सरांनी बजावलं होतं, पण खाकीत सगळी सारखीच दिसली आणि शालिनी पाठारे नावाची मुलगी इंग्रजीच्या पुस्तकाऐवजी नेमकं तेच घेऊन आली.

मला साहेबांच्या दिमतीला दिलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. इन्स्पेक्टरसाहेबांनी पहिल्या बाकावरच्या शालिनीचं पुस्तक उचललं, उघडलं आणि आत झगेवाला उडत होता. हेडमास्तरांना घाम फुटला. साहेबांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. चांगली दहा मिनिटं वर्गात फक्त पानांचा आवाज होता. मग त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि चष्म्यावरून विचारलं, "पुढं काय झालं?"

"ते मुलं लिहितात, साहेब. इंग्रजीतून." सर म्हणाले.

शालिनी उभी राहिली आणि तिने आपला शेवट वाचला. झगेवाला पुलाखाली उभा आहे, गाडी सुखरूप गेली आहे आणि त्याचे पाय लटपटताहेत. उडण्याआधीही लटपटत होते.

साहेबांनी मराठीत विचारलं, "शूर माणूस भितो का गं?"

"भितो, सर. पण तरी जातो."

आठल्ये सर वळले आणि फळा पुसायला लागले. फळा कोराच होता. कितीतरी वेळ ते पुसत राहिले.

साहेबांनी शेरा लिहिला, इंग्रजी उत्तम, पुस्तकं नियमबाह्य. नियमबाह्य पुस्तक मात्र ते तपासणीसाठी म्हणून पिशवीत घालून घेऊन गेले. हेडमास्तर शब्दाला जागले. बातमी सांगायला मीच संध्याकाळी पारनाक्याजवळच्या सरांच्या बिऱ्हाडी गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

दार उघडं होतं. आत सर जमिनीवर मांडी घालून बसले होते. आठल्ये सर, बसलेले. शेजारी त्यांची आई, डोळ्यांनी अधू. तिला रंग तेवढे दिसत असावेत, कारण मांडीवरच्या कागदावरून ती बोट फिरवत होती. जवळच्या पत्र्याच्या डब्यात तशीच पानं भरलेली होती. सगळी शेवटची पानं.

"आणि मग तो घरी आला," सर वाचत होते. "पाय धुतले."

"जेवला का?"

"जेवला."

"काय केलं होतं?"

"डाळिंब्यांची उसळ."

"वसंताला आवडते," म्हातारी म्हणाली.

वसंता म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. बेचाळीसच्या चळवळीत, जेवायला येतो असं सांगून याच दारातून गेला होता, हे शेजाऱ्यांकडून मला नंतर कळलं. त्याचं पुढं काय झालं, ते आजवर कुणालाही माहीत नाही. मी वाकून कागद पाहिला. त्याच्या वरच्या बाजूला झगेवाला नव्हताच. लाल सायकलीची जाहिरात होती आणि तिच्यावर एक गोरा मुलगा हसत होता.

मी म्हणालो, "सर, कायम झालात."

ते ताडकन उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आईने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "म्हणजे आता हे घर सोडायला नको ना रे? तो आला तर इथंच येईल."

"नाही आई. इथंच राहायचं."

तिने समाधानाने मान हलवली, कागद चाचपला आणि विचारलं, "मग पुढं?"

सर पुन्हा खाली बसले.