पासष्टचं घर, सत्तरचं काडतूस

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, किशनकाकांच्या खिशात व्हर्नियर असतो. दोन जबड्यांचं लोखंडी मापयंत्र, केसाएवढा फरकही दाखवणारं. माझ्या लग्नात लोक आहेराची पाकिटं घेऊन स्टेजवर येत होते, तेव्हा काका व्हर्नियर घेऊन आले. माझ्या बोटातली अंगठी त्यांनी आतून-बाहेरून मापली आणि भर मांडवात सांगितलं, "दिल्या, घट्ट हाय. बसली म्हणून चालती असं न्हाई." उन्हाळ्यात बोट सुजलं आणि ती अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते रोज माझ्या दुकानात येऊन बसतील, अशी मला भीती वाटते. तसे ते आत्ताही रोजच येऊन बसतात, पण निदान गप्प बसतात.

माझं औषधाचं दुकान आहे, मुखेड आणि उदगीर यांच्या मधल्या, दोघांपैकी कुणीच आपलं म्हणत नाही अशा एका लहान गावात. काकांचं घर माझ्या घराला लागून. तीस वर्षं त्यांनी आयटीआयमध्ये टर्नरचा धंदा शिकवला. लेथवर पोरांनी केलेला जॉब एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाने चुकला तरी तो भंगारात, हा त्यांचा नियम. निवृत्त झाल्यावर मापायला काही उरलं नाही, म्हणून ते दिसेल ते मापायला लागले. भाकरीची जाडी, चपलेची झीज, माझ्याकडच्या गोळ्या. एकाच पाकिटातल्या दोन गोळ्यांच्या जाडीत फरक निघाला तेव्हा त्यांनी मला कंपनीला पत्र लिहायला लावलं. कंपनीचं उत्तर आलं नाही. काका अजून विचारतात.

असा हा माणूस, आणि त्याच्याकडे बंदूक!

स्वभावाने काका पक्के घाबरट. शेगडी बंद केली का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारे. एसटीत संकटकाळी बाहेर पडायच्या दरवाजाशेजारीच बसणार, जागा नसेल तर पुढची गाडी. पण वडिलांच्या माघारी पीक संरक्षणाचा परवाना त्यांच्या नावावर झाला आणि त्यासोबत बाराबोअरची जुनी दोननळी बंदूक घरात आली. शेत बटईने दुसऱ्याला कसायला दिलेलं. काकांनी त्या बंदुकीतून एकही बार काढलेला कुणी ऐकलेला नाही. मात्र तिला कोणतं काडतूस चालेल, या चिंतेत त्यांचे केस पांढरे झाले.

मी एकदा चुकून म्हणालो, "काका, बाराबोअरचं काडतूस बाराबोअरला. एवढा काय विचार करायचा?"

काका उठून उभेच राहिले. "सहा महिन्याच्या लेकराला मोठ्या मानसाची गोळी देतूस का? गिळतंय म्हणून?"

मग त्यांनी मला गिऱ्हाइकांसमोर सगळा धडा दिला. जाडी बाराबोअरच्या सगळ्या काडतुसांची सारखीच. फरक लांबीत. त्यांच्या जुन्या बंदुकीत काडतूस बसायचं जे घर असतं, ते पासष्ट मिलिमीटरचं. नव्या बंदुकांचं सत्तरचं. आता गंमत अशी, की सत्तरचं काडतूस पासष्टच्या घरात आरामात जातं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडताना ते तोंड उघडतं. आखूड घरात त्याला उघडायला जागाच नसते, आणि वरून दारू जोराची असेल तर जुनी नळी फुटते. "बसतंय म्हणून भरलं, आन हात गेला," असं म्हणून काका स्वतःच्या डाव्या पंजाकडे बघायचे. ऐकणाराही आपल्या पंजाकडे बघायचा.

मी माल आणायला नांदेडला जातो तेव्हा काकाही कधीकधी येतात. तिथला काडतुसांचा दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतो. एकदा त्याने मोठ्या हौसेने लाल खोकं पुढे केलं. "काका, जबरदस्त माल आलाय. फुल ताकदीचा."

"कुनाच्या बंदुकीसाठी ताकदीचा?" काकांनी विचारलं.

दुकानदाराने चहा मागवला. काकांनी खोक्यातलं एकेक काडतूस मापलं, बुडावरचे आकडे वाचले आणि खोकं परत सरकवलं. "माल चांगला हाय. माझ्या म्हातारीला न्हाई चालत." म्हातारी म्हणजे बंदूक.

हळूहळू काकांची कीर्ती पसरली. कुणीही नवं काडतूस घ्यायच्या आधी काकांना फोन करायचा. काका आधी त्याच्या घरी जाऊन बंदूक मापणार, आठ दिवस विचार करणार, मग सांगणार. हणमंतरावांच्या बाबतीत तसंच झालं. हे उदगीरकडच्या एका खेड्यातले शेतकरी, काकांचे जुने विद्यार्थी. त्यांच्या भुईमुगात रानडुकरं घुसायची. आवाज काढून हाकलायला त्यांनी नवी दोननळी घेतली होती, दिसायला काकांच्या बंदुकीसारखीच. तिचं घर सत्तरचं. काकांनी तिच्यासाठी तेच लाल खोकं निवडून दिलं. "तुझी दांडगी हाय, तिला हे झेपतंय."

मग निवडणूक लागली. निवडणुकीत आचारसंहिता येते आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथं दमट हवेने गंज चढेल म्हणून काकांची जेवणावरची वासना उडाली. त्यांनी एका टेलरकडून हिरव्या रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली. नुसती स्वतःसाठी नव्हे, ओळखीतल्या सगळ्या बंदूकवाल्यांसाठी. सगळी एका मापाची, एका ताग्यातली. माप अर्थातच काकांनी दिलेलं.

निकालानंतर बंदुका परत मिळाल्या. हणमंतरावांसकट प्रत्येकाने नंबर तपासून सही करून आपापली घेतली, कव्हरात घातली आणि मंडळी समोरच्या हॉटेलात चहाला बसली. भिंतीला हिरवी कव्हरं ओळीने टेकवलेली. काकांना इतके श्रोते एकत्र कधी मिळाले नव्हते. काडतुसाच्या तोंडावर ते बोलत होते, तेवढ्यात एसटी आली. जो तो उठला, हाताला लागलं ते कव्हर उचललं आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या दुकानात आले ते अनवाणी. काउंटर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सत्तर."

मला वाटलं, नाडीचे ठोके सांगतायत. मी स्टूल पुढे केलं.

"तेल द्यायला काढली. मापली. सत्तर भरलं रे. नंबर बघितला, हनमंताची बंदूक माझ्याकडं हाय. म्हणजे माझी त्याच्याकडं." त्यांनी खिशातला व्हर्नियर काउंटरवर ठेवला. "आन त्याच्याकडं काडतुसं कोनती? ती लाल. जोराची. मीच निवडून दिली, दिल्या. मीच."

मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. डुकरं दिवस मावळताना येतात, हे मला काकांनीच कधीतरी सांगितलं होतं. घड्याळात चार वाजले होते. खोकल्याचं औषध मागायला आलेल्या बाईंना मी तशाच उभ्या ठेवून शटर ओढलं.

मोटारसायकलवर मी पुढे, काका मागे आणि दोघांच्या मधे दुसऱ्याच्या परवान्याची बंदूक. हे गाव सोडल्यावर माझ्या लक्षात आलं. "काका, रस्त्यात पोलिसांनी धरलं तर?"

"धरू दे. आधी हनमंताचे हात."

रस्त्याचं काम चाललेलं. धुळीतून, वळणावळणाने जाताना काका माझ्या कानाशी बोलत होते. "तो उजव्या नळीचा बार आधी काढतो. डावा हात खाली धरतो. डावा जाईल."

"काका, गप बसा."

एक किलोमीटर ते गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "डोळा बी."

मला त्यांचा इतका राग आला होता की बोलायची सोय नाही. मापाची एवढी हौस, मग कव्हरावर आपलं नाव लिहायला काय झालं होतं? पण आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि राग तिथंच जिरला. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. शेजारच्या टेंपोतल्या माणसाने कव्हर पाहून विचारलं, "क्रिकेटचं सामान का काका?" काका म्हणाले, "हाव." आयुष्यात त्यांना पहिल्यांदा खोटं बोलताना मी पाहिलं.

हणमंतरावांच्या दारात पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. त्यांची बायको अंगणात शेंगा निवडत होती. "आत्ताच गेले की शेताकडं. बंदूक घेऊन गेलेत. काल डुकरं आलीच न्हाईत, आज सोडत न्हाई म्हणले."

म्हणजे कालचा दिवस टळला होता. आजचा अजून राहिला होता. आम्ही बांधाबांधाने पळत सुटलो. काकांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, पायात चप्पल नाही, खांद्यावर बंदूक. "हनमंता! ए हनमंता! वाजवू नको रे!" असं ते ओरडत होते, पण श्वास पुरत नव्हता म्हणून आवाज दहा पावलांवरही जात नव्हता.

आणि बार झाला. दणकून. झाडावरचे बगळे उडाले.

काका होते तिथं खाली बसले. "गेला," एवढंच म्हणाले. मी पुढे धावलो. तिथं काय दिसेल, आणि ते काकांना कसं सांगायचं, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं.

बांधाच्या वळणावर हणमंतराव समोरून येताना दिसले, चालत, दोन्ही हात हलवत. "काय झालं जी? एवढे पळत कामून आलात?"

"बार?"

"शेजाऱ्याचा हाय. पायपात कारबेटचा ग्यास पेटवून वाजवतो की त्यो, डुकरांसाठी." मग त्यांना मागे बसलेले काका दिसले. "सर? आवं सर, काय झालं?"

बंदूक शेतातल्या राखणीच्या माळ्यावर होती. दोन्ही नळ्या भरून ठेवलेल्या. काकांच्या बोटांना ती उघडेना, शेवटी हणमंतरावांनीच उघडली. दोन लाल बुडं दिसली. "बगा सर, किती झ्याक बसलेत," ते कौतुकाने म्हणाले. काकांनी काडतुसं काढून घेतली, बंदूक माझ्या हातात दिली आणि हणमंतरावांचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. एकेक बोट दाबून बघितलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आधी डावा, मग उजवा. मग ते रडायला लागले. मातीने भरलेले, भेगाळलेले ते पंजे त्यांनी कपाळाला लावले. हणमंतरावांना काय करावं सुचेना. ते म्हणत राहिले, "सर, सर, लोक बघून राहिलेत."

घरी चहा झाला. बंदुकांची अदलाबदल झाली, नंबर दोनदा ताडून पाहिले. हणमंतराव आता हसू लागले होते. "सर, एवढा घोर लावून घेता, तर देऊन टाका की परवाना. शेत बटईनं. बार तुम्ही काढत न्हाई. कशाला सांभाळता?"

काका बशीतल्या चहाकडे बघत राहिले. "दोनदा अर्ज लिहिला रे. दोनदा फाडला. दिल्याची काकू गेल्यापासून माझा फोन कामून वाजतो, माहीत हाय? पोरगं पुन्याहून आयतवारी करतं, दोन मिनिटं. बाकी समदे काडतुसाचं इचारायला. कोनतं आनू, चालंल का. बंदूक दिली की कोन इचारनार मला?"

हणमंतरावांच्या बायकोने न विचारता काकांची बशी पुन्हा भरली. मी मात्र मान खाली घातली. रोज दुकानात येऊन बसतात म्हणून याच माणसाला मी किती वेळा मनात शिव्या दिल्या होत्या!

निघताना काकांनी हणमंतरावांना कोणत्या नळीत काय भरायचं ते तीनदा सांगितलं. मी शेजारी उभा होतो. हणमंतरावांनी तीनदा मान डोलावली. आम्ही डांबरी रस्त्याला लागलो, आणि काकांचा फोन वाजला.

"दिल्या, थांब, थांब. गाडी उभी कर. हनमंताय."

हणमंतरावांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. धाप लागलेली होती त्यांना. "सर, ते पहिल्या नळीत कोनतं भरू म्हणलात? इसरलो बगा."

काका गाडीवरून उतरले, कडेच्या दगडावर नीट बसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले. घर म्हणजे काय, तोंड कसं उघडतं, दारूचा जोर कुठं जातो. मी गाडी बंद केली. त्या खेड्यात फोन लागत नाही. एवढं विचारण्यासाठी हणमंतराव गावामागची टेकडी चढून आले असणार. काका वीस मिनिटं बोलत होते. पलीकडून दर वाक्याला "हाव सर" येत होतं.

फोन ठेवून काका माझ्याकडे आले. चेहरा उजळला होता, पण आवाजात काळजी. "लई घाबरलाय बिचारा. ध्यानातच राहीना त्याच्या. उद्या परत इचारतो म्हणला."

"विचारू द्या की काका," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.