रेशीमकिड्यांची पंगत

बिडकीनच्या रामचंद्रपंतांच्या पंगतीत दुष्काळातही सर्वांना सारखे वाढले जाई. त्यांचे चिरंजीव विनायकराव सोवळे मोडण्यापेक्षा पंक्तिप्रपंचाला अधिक भीत. आणि विनायकरावांचे चिरंजीव दिगंबरराव तर आपल्याच पानात एक जिलेबी अधिक पडली म्हणून भर लग्नातून उठून गेले होते! या तीन पिढ्यांचा वारसा आता दिगंबररावांच्या सूनबाई उमाबाई सिडकोतल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चालवीत होत्या.

"माझ्या घरी मुंगीलाही कमी-जास्त वाढलं जाणार नाही!" हे त्यांचे ब्रीद.

अशा घरात नात वैदेहीने पीएच.डी.साठी रेशीमकिड्यांचे दोन ट्रे आणले. कॉलेजात प्रयोगशाळेची डागडुजी चालू होती. पहिल्या ट्रेला तुतीचा कोवळा पाला. तो बिडकीनहून गावाकडच्या शेतावरचा पुंजाराम मोटारसायकलवर आणून देई. दुसऱ्याला मात्र सोयाबीनच्या पिठाचा तपकिरी गोळा!

"यांनी काय गं घोडं मारलं?" उमाबाई कडाडल्या.

"आजी, प्रयोग आहे हा! तुतीच्या पाल्यातलं एक द्रव्य किड्याच्या रक्तातला युरिया मोडतं. गोळ्यावर वाढलेल्यांत तो साठत जातो. कोष विणायच्या सुमारास फरक सगळ्यात जास्त दिसतो, तोच मोजायचाय. सोमवारी सरांना आकडे दिले नाहीत तर माझं वर्ष गेलं!"

उमाबाईंनी ऐकले, मनाने मात्र मानले नाही. वैदेही घराबाहेर पडली की दुसऱ्या ट्रेकडे पाहून त्या आपले पान तसेच बाजूला सारीत. दोन दिवस त्यांनी सोसले. तिसऱ्या दिवशी गोळा वाटीखाली झाकला आणि दोन्ही ट्रेंना पाने मोजून वाढली. किडे असे तुटून पडले, जणू दुपारी चारला जेवायला बसलेले वऱ्हाड! वैदेही परतण्याआधी देठ उचलले जात आणि गोळा जागेवर येई. याला त्या लपवाछपवी म्हणत नसत, आवराआवर म्हणत.

रविवारी वैदेहीने किड्यांच्या पायांना टाचणी टोचून रक्ताचे थेंब तपासले. दोन्ही ट्रेंचे आकडे सारखे! तिने रसायन बदलले. सारखे! यंत्र बदलले. तरी सारखे! शेवटी बदलण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा ती रडू लागली.

व्हिडिओ कॉलवर राजेंद्र सर म्हणाले, "अहो, हे सगळे एकाच पंगतीत जेवल्यासारखे कसे दिसतात?"

"मग! जेवलेच आहेत!" उमाबाई अभिमानाने मागून वदल्या.

वैदेही गर्रकन आजीकडे वळली. मग स्वयंपाकघरातून सून तनुजाचा शांत आवाज आला, "आई, माझे सहा बेडूक आठवतात?"

आठवत होते. सत्तावीस वर्षांपूर्वी नव्या सुनेने एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासाठी ते आणले होते, आणि चातुर्मासात हत्या नको म्हणून उमाबाईंनी स्वहस्ते हर्सूलच्या तलावात सोडले होते. परीक्षा बुडाली, पुढे शिक्षणही राहिले. तनुजा त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नव्हती.

सरांनी एक महिना वाढवून दिला. नवी अंडी आली. सव्वीस दिवस उमाबाईंनी गोळा स्वतः वाढला, दर वेळी हात जोडून: "बाबांनो, क्षमा करा. पोरीचं वर्ष आहे." टाचणी तनुजाने धरली, एकही थेंब वाया जाऊ दिला नाही. पाल्यावरच्यांत युरिया नावापुरता, गोळ्यावरच्यांत भरपूर! वैदेहीने आजीला कडकडून मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी उमाबाई सुनेला घेऊन सरांपुढे उभ्या राहिल्या. एका हातात तनुजाचा एम.एस्सी.चा प्रवेश अर्ज, दुसऱ्या हातात झाकणाची बादली. ती देताना पुंजारामने बजावले होते, "आज्जी, झाकण सोडू नका. लई उड्या मारत्यात!"

"हा अर्ज. आणि हे सहा. मोजून घ्या."

"आजी, आता अभ्यासक्रमात बेडूक नसतात हो! सगळं संगणकावर दाखवतात."

"ते तुमचं तुम्ही पाहा. माझं देणं सहाचं आहे!" असे म्हणून त्यांनी झाकण उघडले.

सर खुर्चीवर चढले. तनुजा मात्र डोळे पुसत, हसत, टेबलावर, कपाटावर, सरांच्या फायलींवर बोट नाचवीत मोजत राहिली.

"सहा, आई. पुरते सहा."