चाळीस पावलांची चूक

चिंचवेढा गावात मोबाइलमधल्या रणगाड्याचा नेम चुकला, की गोळा जितका चुकला तितक्याच पावलांवर गावात येऊन पडायचा. पावलं खेळणारा बसलाय तिथून मोजायची. नेम लांब गेला तर गोळा त्याच्या तोंडासमोर पडायचा, आखूड झाला तर पाठीमागं. खेळातला एक मीटर म्हणजे गावातलं एक पाऊल, तसं परिपत्रकच होतं. गोळा फुटायचा नाही. पाच किलोचं थंडगार लोखंड धप्पकन वरून यायचं, कौल फोडायचं आणि गुमान पडून राहायचं. मग ग्रामसेवक पिसाळ भाऊसाहेब येऊन पंचनामा करायचे आणि गोळा पंचायतीत जमा व्हायचा. गारा पडतात तसे गोळे पडतात, त्यात कुणाला काही नवल नव्हतं.

लंकाबाई गव्हाणेलाही नव्हतं. सोमवारी सकाळी गोळा तिच्या गोठ्यात पडला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

गव्हाणीचे दोन तुकडे झाले. मंजुळा म्हशीच्या तोंडापासून गोळा वीतभर लांब पडला होता. मंजुळा दिवस भरलेली, आज वितेल का उद्या अशी. तिचं मागचं पारडू पोटातच गेलेलं, आणि या खेपेला लंकाबाई पंधरा दिवस गोठ्यातच अंथरूण टाकून निजत होती. तिनं गोळा पदरात घेतला आणि पावलं मोजत थेट निवृत्ती भापकराच्या ओट्यावर जाऊन आदळला.

निवृत्ती एस्टीचा निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं गाडी चालवली, आता रणगाडा चालवायचा.

"भावजी, हे तुमचंच ना?"

"माझंच की. कितीवर पडलं वहिनी?"

"माझ्या म्हशीच्या तोंडाम्होरं."

"तसं नव्हं. पावलं किती?"

"चाळीस."

"म्हणजे आजबी चाळीसच," निवृत्ती हळहळला. "मागल्या महिन्यात देवळापाशी बसायचो, तवा चाळीसवर ओढा होता. कुणाची तक्रार नव्हती."

"मग जावा की परत देवळापाशी."

"जागा पंचायतीत नोंदलीया. जागा आणि तोंडाची दिशा. महिन्यातून एकदाच बदलता येती."

"मग खेळ बंद करा."

निवृत्तीनं तिच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. आठवड्याला रणगाड्यात बारा गोळे भरून यायचे. मधेच खेळ सोडला, तर उरलेले सगळे शेवटच्या चुकीच्या अंतरावर एकदम पडायचे. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अकरा उरल्यात," निवृत्ती म्हणाला. "करू बंद?"

लंकाबाईनं बंद करा म्हटलं नाही. ती पंचायतीत गेली.

पिसाळ भाऊसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फीत घेऊन जाग्यावर येऊन मोजणी केली, गव्हाणीचे तुकडे लिहून घेतले आणि लगेच एक कागद तिच्या हातात दिला. लंकाबाई चौथी शिकलेली. तिनं अक्षराला अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, "आपला गोठा चुकीच्या अंतरावर असल्याचे आढळून आले आहे. तरी तो तीन दिवसांत हलवावा."

"भाऊसाहेब, गोळा त्याचा आणि नोटीस मला?"

"गोळा कायदेशीर आहे बाई. गोठा अंतरावर आलाय."

"गोठा माझ्या सासऱ्यानं बांधलाय. तवा मोबाइल नव्हता."

"ते कारण रकान्यात बसत नाही."

"आणि म्हशीला वेणा सुरू झाल्यावर तिला काय दावं धरून फिरवू?"

"म्हशीबद्दल कागदात काही नाही," भाऊसाहेब म्हणाले. "म्हैस आहे तिथं राहू शकते. फक्त गोठा हलवायचा."

लंकाबाईनं कागद कमरेला खोचला, घरी जाऊन दोन भाकरी थापल्या, त्या रागारागात जरा जाडच झाल्या, आणि एक खाऊन ती परत निवृत्तीच्या ओट्यावर गेली. त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

"दाखवा. काय दिसतंय?"

"रणगाडा."

"कसला रणगाडा?"

"कसला म्हणजे? रणगाडा तो रणगाडा. बारका दिसला की लांब, मोठा दिसला की जवळ."

"हितंच माती खाल्ली तुम्ही!" लंकाबाईनं मांडीवर थाप मारली.

शाळा सुटल्यापासून लंकाबाई दर साली ज्वारीवर गोफण फिरवत आली होती. माळ्यावर उभं राहून गोफणीचा एक दगड असा सोडायची, की कणसावरचं पाखरू उडायचं आणि कणसाला धक्काही लागायचा नाही. अख्ख्या शिवारात तिच्या दगडाला नाव होतं.

"आधी पाखरू वळखायचं," तिनं सांगितलं. "हात लांब करून अंगठा धरायचा. चिमणी नखाएवढी दिसली तर ती हितं जवळच असती. कावळा नखाएवढा दिसला तर तो पार बांधावर. दोघं दिसत्यात सारखीच. तुम्ही चिमणीला कावळा समजताय, म्हणून दगड लांब जातोय, माझ्या गोठ्यात."

"खेळात पाखरं नसत्यात वहिनी."

"तुमच्या रणगाड्यात बारका कोणता, मधला कोणता, सगळ्यात थोराड कोणता?"

निवृत्तीनं तिघांची लांबलचक परदेशी नावं घेतली. लंकाबाईनं ती ऐकली आणि टाकून दिली. बारक्याचं नाव चिमणी, मधल्याचं कावळा, थोराडाचं मोर. झालं.

दुपारी निवृत्तीनं पडद्यापुढं हात लांब करून अंगठा धरला. "चिमणी," तो म्हणाला आणि नळी खाली घेतली. गोळा सुटला. सत्तावीस पावलांवर, बोळात पडला.

"आलं! तेरा पावलं खाली आलं!" लंकाबाई ओरडली. "अजून जवळ घ्या. तुम्हाला वाटतंय त्याच्याहून जवळ हाय ती."

पुढचा अठरावर पडला. तिथं निवृत्तीच्याच न्हाणीचा पत्रा होता. त्याच्या पुढचा नऊवर. नऊवर निवृत्तीची मोपेड उभी होती, तिच्या सीटमध्ये गोळा अंडं घातल्यासारखा बसला. आतून निवृत्तीची बायको यशोदा बाहेर आली, तिनं मोपेडकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि उंबऱ्यातला पाण्याचा हंडा उचलून मागल्या दारी नेऊन ठेवला.

त्याच्या पुढचा गोळा चार पावलांवर पडला. निवृत्तीच्या चपलांचा जोड होता, तो गेला.

निवृत्तीनं मोबाइल ओट्यावर ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"वहिनी, हे काय खरं नाही. मी चांगला खेळाय लागलो तसा गोळा माझ्याकडंच यायला लागलाय."

"येणारच. चूक कमी झाली की जवळच पडणार."

"चाळीस बरं होतं. चाळीसला मला काही होत नव्हतं."

"तुम्हाला होत नव्हतं!" लंकाबाई ताडकन उठली. "माझी मंजुळा पोटात जीव घेऊन उभी, तवा तुमच्या अंगाला घाम आला नाही. चपला गेल्या तर आला. आता सोडून दाखवा खेळ. सात उरल्यात. सातही चार पावलांवर येतील, एकदम."

निवृत्तीनं चार पावलं नजरेनं मोजली. पहिल्यांदाच त्याचा अंदाज बरोबर आला. त्यानं मोबाइल परत उचलला.

उरलेला दिवस आणि पुढचे दोन दिवस त्यानं खेळ चालू ठेवला, पण गोळा टाकला नाही. नुसता अंगठा धरून बसला. गावातल्या कोंबड्या, शेळ्या, पाण्याची टाकी, सगळ्यांवर अंगठा धरून झाला. लंकाबाई गोठ्यातून ओरडायची, "तुळशीपाशी कोण हाय?" आणि तो ओट्यावरून सांगायचा, "बोका! बावीस पावलं!" मग ती पावलं टाकून बघायची. बावीसच भरायची.

गुरुवारी सकाळी मंजुळाला वेणा सुरू झाल्या, आणि दहा वाजता निवृत्ती खेळायला बसला. नोटिशीची मुदत बाराला संपत होती. सगळा गाव बोळात जमला. पंचायतीचा शिपाईही कुलूप न लावताच आला.

चिमणी. लागला. गावात काहीच पडलं नाही. कावळा. लागला. पुन्हा चिमणी, धुक्यातली. निवृत्तीनं अंगठा धरला, एक डोळा मिटला, लागला. एकेका गोळ्यामागं यशोदा डोक्यावरची परात जराजरा खाली घेत होती. सहा गोळे गेले आणि गावात एक कौलही हललं नाही.

साडेअकराला मंजुळा व्याली. रेडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. लंकाबाईनं तिचं नाक पुसलं, तिला आईपुढं ठेवलं, आणि हात न धुताच ओट्याकडं आली. तिथं पिसाळ भाऊसाहेब फीत घेऊन उभे होते.

"बाई, अर्धा तास राहिला. गोठा?"

"आता एकबी गोळा पडत नाही भाऊसाहेब. बघताय न्हवं?"

"पडत नाही ते ठीक. पण पडला होता, त्याची नोंद आहे. चुकीच्या अंतरावर जे बांधकाम आढळेल ते हलवायचं."

"जे आढळेल ते?"

"जे आढळेल ते. त्यात भेदभाव नाही."

"लिहून देता?"

"लिहिलेलंच आहे. वाचा की."

लंकाबाईनं कमरेचा कागद काढून पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात नियम छापला होता, तसाच. मग ती निवृत्तीच्या शेजारी बसली. शेवटचा गोळा उरला होता, आणि पडद्यावर लांब टेकडीमागून एक थोराड रणगाडा हळूहळू वर येत होता.

"मोर," निवृत्ती म्हणाला.

"मोरच हाय," लंकाबाई हळूच म्हणाली. "पण भावजी, आज त्याला कावळा समजा."

"मग गोळा आखूड पडंल की! पाठीमागं जाईल."

"पासष्ट पावलं जाईल. मी सकाळीच मोजून आलेय."

निवृत्तीनं मान वळवून मागं पाहिलं. पासष्ट पावलांवर काय आहे ते पाहिलं. आपली मोपेड पाहिली, तिच्या पंचनाम्यासाठी भाऊसाहेबांनी भरायला लावलेले चार अर्ज आठवले. मग अंगठा धरला, आणि मोराला कावळा समजून गोळा सोडला.

ग्रामपंचायतीच्या पत्र्यातून तो सरळ आत गेला. भाऊसाहेबांच्या खुर्चीत बसला, आणि खुर्ची बसली जमिनीत.

भाऊसाहेब सरळ माणूस. ते फीत घेऊन गेले, त्यांनी पासष्ट पावलं मोजली, पंचनामा केला, स्वतःच्या नावानं नोटीस काढली आणि खाली सही करून स्वतःच ती घेतली. तीन दिवसांची मुदत. मग अख्ख्या गावात नवी जागा शोधत फिरले. निवृत्तीच्या हातून पुन्हा कधीही चूक होणार नाही, असं एकच अंतर त्यांना सापडलं. चाळीस पावलं, समोर. त्यामुळं गोठ्याची नोटीसही मागं घ्यावी लागली, कारण कार्यालय हलवायचं कुठं, हा प्रश्न होता.

सोमवारपासून चिंचवेढ्याची ग्रामपंचायत लंकाबाईच्या गोठ्यात भरते. दाखला पाहिजे असेल तर शेण ओलांडून जायचं. भाऊसाहेब उभ्यानंच शिक्के मारतात, कारण कार्यालयाची नवी खुर्ची जिथं मांडलीय, तिथं रेडी बसते, आणि तिला उठवायचं नाही, असं लंकाबाईनं लेखी घेतलंय.