उजवी दाढ, डावा गाल

उगमाचा पुरावा नसलेले घरगुती पेय विकता येणार नाही, असा आदेश निघाला आणि काकूंच्या सहा टेबलांच्या बारमध्ये तपासनीस येऊन बसले.

तिथे मिळे बरेच काही, पण मागत सगळे ‘दाढ’च. बोटभर ग्लासात लवंग-मिऱ्यांत मुरवलेली घरची दारू, वर कांद्याच्या सिरक्याचे चार थेंब. घोट डाव्या गालात धरायचा आणि काकू म्हणत त्या दोन ओळी संपेपर्यंत गिळायचा नाही:

‘ठणकली दाढ, गालात धरा;
गिळलं दुःख की हसून मरा.’

“उगम?” तपासनिसांनी विचारले.

“आमचे हे. सुतार होते. दाढ दुखली की घर डोक्यावर घ्यायचे. म्हणून मी हे केलं. चूळ भरून थुंकायचं होतं, ह्यांनी गिळलं! दुसऱ्या दिवशी चार मित्र घेऊन आले. सगळ्यांच्याच दाढा दुखत होत्या म्हणे.”

“पुरावा?”

काकूंनी कपाटातून डबी काढली. नवऱ्यानेच घडवलेली. आत कापसावर त्याची दाढ. “एवढेच उरलेत ते,” त्या म्हणाल्या.

तपासनिसांनी पोच दिली आणि दाढ जमा करून घेतली. समिती नेमली गेली. समितीवरच्या दंतवैद्याने सतरा पानी अहवाल दिला: दाढ उजवी आहे. सबब डाव्या गालाची प्रथा बनावट.

काकू कचेरीत धावल्या. “अहो, मी समोर उभी राहून बघत होते ना! त्यांची उजवी ती माझी डावी!”

“समोरून पाहण्याची तरतूद नाही,” तपासनीस म्हणाले.

रस्त्यापलीकडच्या हॉटेलाने उजव्या गालासाठी अर्ज केला आणि प्रमाणपत्र त्याला मिळाले. दाढही तिथेच काचेच्या पेटीत लागली.

“निदान दाढ तरी परत द्या हो.”

“नकली पेय विकणाऱ्याकडे अस्सल दाढ ठेवता येत नाही, काकू. नियम आहे.”

जुनी गिऱ्हाइके आधी संतापली. मग एकेक करून रस्ता ओलांडू लागली. जाताना दारातून म्हणत, “मन आमचं इथंच हं, काकू!”

एका दुपारी काकूंनी रिकाम्या बारमध्ये स्वतःसाठी एक दाढ ओतली. डाव्या गालात धरली. तोंड भरलेले, आणि ओळी म्हणायला दुसरे कोणी नाही. गिळायचे कधी, ते कळेना.

वाचून तुम्हाला हळहळ वाटली, ते दिसतेच आहे. पण मघाशी अहवाल वाचताना तुमची जीभ हळूच उजव्या दाढेवर जाऊन आली ना?