पाच जणांचा कार्यक्रम, शूटिंग : विलासकाका

इंदूरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गोदामाला आग लागली, तेव्हा विलासकाका शितोळे कॅमेरा घेऊन धावत गेले आणि तासभर शूटिंग करून आले. आम्ही सगळे उत्सुकतेनं बघायला बसलो. त्यात आग कुठेच नव्हती. आग बघायला आलेली माणसं मात्र एकूण एक होती. बनियनवरची, अर्धी दाढी राहिलेली, हातात कचोरी घेतलेली.

"काका, आग कुठाय?" मी विचारलं.

"आग तो कहीं भी लगती है भिया," काका शांतपणे म्हणाले. "पण ही एवढी माणसं परत एका जागी कधी येणार?"

काकांचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, म्हणून असेल कदाचित, काका कॅमेराही बंदूक खांद्यावर टाकावी तसा टाकत. 'हजेरी लागली पाहिजे' हे त्यांचं ब्रीद. मांडवात आलेला प्रत्येक माणूस कॅसेटमध्ये दिसलाच पाहिजे, मग मंगलाष्टकं राहिली तरी बेहत्तर. पंगतीवरून त्यांचा कॅमेरा फिरायला लागला की लोक घास तोंडाशी धरून आपली पाळी येईपर्यंत थांबत. मग घरी बसून मिक्सिंग करताना काका पडद्यावरच्या प्रत्येकावर गुलाबाच्या पाकळ्या टाकत.

अशा माणसाच्या हाती आम्ही आमचा रॉकचा कार्यक्रम दिला.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरमध्ये तेव्हा कॉलेजच्या पोरांचे पाच रॉक बँड होते आणि पाचांचंही आपसात हाडवैर होतं. कुणीतरी टूम काढली की पाचांतला एकेक उत्तम वाजवणारा घ्यायचा आणि एका रविवारी दुपारी एकच कार्यक्रम करायचा. एकच, कारण दुसऱ्यापर्यंत आम्ही एकमेकांना जिवंत ठेवलं नसतं. नावावरून पंधरा दिवस भांडलो आणि शेवटी फलकावर 'पाच जणांचा कार्यक्रम' एवढंच लिहिलं. गिटार माझ्याकडे होती.

काका सफारी घालून वेळेआधी हजर. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "लड़केवाले कौन, लड़कीवाले कौन?"

"काका, हे लग्न नाहीये."

"वो तो ठीक है. पण मानाचे पाहुणे कुठे बसणार?"

पुढच्या आठवड्यात ड्रमरच्या घरी आम्ही पाचही जण कॅसेट बघायला जमलो. पहिली वीस मिनिटं हॉलच्या दारात गेली, येणाऱ्यांच्या स्वागतात. पुढची वीस मिनिटं पोह्यांच्या काउंटरवर. आमचा गायक एकदा दिसला, तोही पोहे खाताना. ड्रमरनं टीव्हीवर उशी फेकली आणि आम्ही उठलो. पाच बँडच्या माणसांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं. पुढचं कुणी पाहिलंच नाही, आणि मी काकांशी नमस्कारापुरता बोलू लागलो.

माझा राग बाकीच्यांपेक्षा मोठा होता, कारण कार्यक्रमाच्या शेवटी माझा सोलो होता. अकरा मिनिटांचा. तो एवढा लांब नको होता असं मित्र म्हणतात, पण ते मित्र बाकीच्या चार बँडचे आहेत.

आता मी विजय नगरच्या फ्लॅटमध्ये राहतो, विम्याच्या ऑफिसात आहे आणि पोट सुटलेलं आहे. माझी मुलगी ईरा गिटार शिकायला लागली, तेव्हा मी सोलोची गोष्ट सांगितली. ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "बाबा, सच्ची में? काही प्रूफ आहे का?"

प्रूफ जगात एकच होतं. निमूटपणे तिला स्कूटरवर घेतलं आणि जुन्या गल्लीत गेलो.

काका सत्तरीपुढे गेलेत. दोन खोल्यांत एकटेच राहतात. काकू फार वर्षांपूर्वी माहेरी, बेटम्याला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. बाकीची हकीकत गल्लीनं आपल्या मनानं भरून काढली आहे. सगळ्या कॅसेटी त्यांनी कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. "पाच जणांचा ना? बैठो, बैठो," म्हणत त्यांनी चटकन लावून दिलं, रोज बघत असल्यासारखं.

कॅमेरा माणसांवरून फिरू लागला आणि काका एकेकाची ओळख करून देऊ लागले. हे गणिताचे सर, आता मुलाकडे असतात. ही यांची धाकटी, डॉक्टर झाली. ह्या मावशी, गेल्या. ईरा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "येईल, येईल."

मग सोलो सुरू झाला. मी दिसलो. पट्टा, अर्धा हात आणि तेव्हाचे माझे केस. तेवढ्यात कॅमेरा वळला, दुसऱ्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर गेला आणि तिथेच थांबला. खुर्ची रिकामी होती. जागा धरायला तिच्यावर कुणीतरी मोठा रुमाल पसरला होता. मागे माझी गिटार जीव तोडून ओरडत होती आणि पडद्यावर खुर्ची. ईराला हसू फुटलं. तीन मिनिटं झाली, पाच झाली, कॅमेरा हलेना. तिचं हसू थांबलं.

माझा मात्र बावीस वर्षांचा राग उफाळून आला. "काका, निदान माणूस तरी दाखवायचा होता. खुर्ची काय दाखवता?"

काकांनी आवाज कमी केला.

"तिला पास पाठवला होता, बेटम्याला," ते म्हणाले. "सीझनभर तुम्ही दुसऱ्यांच्या लग्नात असता, मी घरात एकटी, ह्यावरून भांडून गेली होती. अपन ने सोचा, एक बार आके देख तो ले, मी काय करतो. दुपारच्या बसनं येते बोलली. मग कॅमेरा तिथेच लावून ठेवला. तिची एंट्री चुकायला नको होती."

"मग?" ईरानं हळूच विचारलं.

"मग तुझ्या बाबांनी गिटार थांबवली आणि हॉलचे लाइट लागले."

मला लाज वाटली. बावीस वर्षं मी ह्या माणसाशी धड बोललो नव्हतो, आणि तेही एका सोलोसाठी. काकांनी माउसवर हात ठेवला. "खुर्ची काढून टाकतो. पाकळ्या टाकून देऊ तिथे, बच्ची को अच्छा लगेगा."

"नको. राहू द्या."

"वैसे बुरा मत मानना भिया," काका म्हणाले, "पण त्या दिवशी पूरा हॉल पक गया था. लोक उठायला लागले होते. मीच एकटा मनातल्या मनात म्हणत होतो, और बजा, अभी मत रुक, और बजा."

"अजून थोडं वाजवायला हवं होतं, काका," मी म्हणालो. "बोटं दुखायला लागली होती."