नीळ कुठं निघाली

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी, राजकुमार राठोड, एकदा मनावर घेतलं तं घेतलं. मंग तांडा इकडचा तिकडं होवो. यंदा म्या मनावर घेतलं का घरातली चूल उठवाची अन् गोबरगॅस बसवाचा. धुरानं याडीचे, म्हंजे माझ्या मायचे, डोळे लाल होऊन जात, ते पाहावत नव्हतं. अन् गोठ्यात पाच ढोरं, शेणाले काय तोटा?

तालुक्याच्या गावी, नेरले गेलतो तं तिथं कळलं का गोबरगॅसवर सरकारचं अनुदान हाय, अन् त्याले घरचा संडास जोडला तं वरून जास्तीचं. ते जास्तीचं अनुदान म्या एस्टीत बसल्या बसल्याच खर्चून टाकलं. माझी घरवाली ममता रोज कोयत्यानं कडबा तोडते. घरी येऊन तिले शब्द देला, "पोळ्याच्या आधी कडबाकुट्टीची मशीन दारात!"

आता राह्यली याडी, हंसाबाई. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् इचारलं, "संडासाचा गॅस?"

"हो."

"त्याच्यावर भाकर?"

"गॅस जळून जाते, याडी. भाकरीले काय चिकटते?"

"मंग तू खा," ती म्हणे, अन् तिनं आपली चूल उचलून आंगणात मांडली.

म्या बी हट्टाले पेटलो. भीमराज मिस्त्रीले बोलावलं, टाकी बांधली, संडासापासून टाकीपर्यंत नवा पाईप टाकला. रोज संध्याकाळी याडीपुढं बसून विज्ञान सांगो. तिकडं तांडाभर बातमी पसरली. शेजारच्या इंदूबाईनं आमच्या घरचा चहा बंद केला. माझा चुलतभाऊ सुनील दारातूनच "घाई हाय" म्हणे अन् निघून जाये. त्या माणसाले जन्मात कधी घाई नव्हती.

अन् गॅस पेटला त्याच दिवशी नवल झालं. याडी उठली, तिनं आंगणातली चूल मोडली, गॅसवर पहिली भाकर टाकली अन् पहिला घास बी तिनंच खाल्ला. म्या छाती काढून सगळ्यायले सांगत फिरलो का पाहा, माणसाले शांतपणे समजावलं का समजते. मले मात्र त्याच सुमाराले पित्ताचा त्रास सुरू झाला. म्हणून घरचा चहा सोडला. नेरच्या स्टँडवरचा चालत होता.

दोन महिन्यांनी तपासणीले साहेब आले. सलील नाव, तरणे, इस्त्रीच्या कपड्यातले.

"गॅस वापरात आहे ना? चहा ठेवा, फोटो घ्यायचाय," ते म्हणाले.

याडीनं चहा ठेवला. जाळाचा फोटो झाला, याडीचा झाला. ममतानं कप आणून देला. साहेबांनी कपात पाह्यलं अन् तो हळूच ओट्यावर ठेवला.

"घ्या ना साहेब."

"आत्ताच झाला माझा."

"साहेब, गॅस जळून जाते. चहाले काय चिकटते?"

"अहो, हे मीच गावोगाव सांगतो," साहेब म्हणाले. कप तिथंच राह्यला.

मंग त्यांनी बॅगेतून निळीची पुडी काढली. "संडासात निळीचं पाणी ओता. टाकीजवळच्या झाकणाखाली निळं दिसलं की जोडणी पक्की. लगेच सही करतो."

तोवर अर्धा तांडा जमला. म्या दोन बादल्या ओतल्या, धावत जाऊन झाकण उघडलं. आत कोरडं ठक्क. एक कोळी जाळं विणून आरामात बसला होता.

"उतार कमी असन," म्या म्हटलं अन् आणखी दोन ओतल्या. कोळी हलला नाही. पण मी कायले हटतो? सातव्या बादलीले माझी बनियान निळी झालती, हात निळे झालते, अन् कोळी तसाच. तेवढ्यात घरामागून इंदूबाईचा आवाज आला, "राजकुमार, तुमच्या जुन्या शोषखड्ड्यातून निळं पाणी वर येऊन राह्यलं."

म्या वळून पाह्यलं तं भीमराज मिस्त्री गर्दीतून काढता पाय घेऊन राह्यला होता.

"भीमराज, नवा पाईप काहून जोडला नाही?"

"त्याले कायले इचारतो?" याडी म्हणाली. "म्या सांगतलं होतं त्याले. नवा पाईप नुसता पुरून टाक, जुना हाय तसा राहू दे."

"मंग मले सांगाचं ना!"

"तू लगेच जोडला असता."

"अन् मले?" इंदूबाई म्हणाली. "दोन महिने मी इथं घोटभर चहा घेतला नाही."

"तुले सांगतलं असतं तं याले संध्याकाळच्या आत कळलं असतं."

साहेबांनी कागदावर लिहिलं. गोबरगॅसचं अनुदान मंजूर, संडासाचं जास्तीचं रद्द. म्या हातापाया पडलो. "साहेब, आताच जोडतो. फावडं आणा कोणी!"

"जोड," याडी शांतपणे म्हणाली. "मंग सैपाक तूच करजो, अन् तूच खाजो."

फावडं कोणी आणलं नाही. साहेबांनी मात्र ओट्यावरचा थंडगार कप उचलून एका दमात संपवला अन् इचारलं, "थोडा गरम मिळेल का अजून?" इंदूबाई चहाले टेकली. सुनीलची घाई संपली. ममतानं चहाचं मोठं गंज गॅसवर चढवलं अन् माझ्या निळ्या हातात कोयता देला. "मशीन येईस्तोवर," ती म्हणाली.

तवापासून कडबा मीच तोडतो. एक गोष्ट मात्र तुमच्यापाशीच राहू द्या, याडीले सांगू नका. त्या दिवशी म्या घरचा चहा दोन कप पेलो, अन् पित्त काही उठलं नाही.