साळिंदराचा फळा आणि भुकेलं पाडस

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत. सांगतो. मध्ये कुणी बोललं तर उठून जाईन. माझे गुडघे दुखतात आणि गोष्टी सांगायची मला हौस नाही.

एका जंगलात एक साळिंदर मुकादम होतं. माकडं, हत्ती, रानडुकरं आपापलं काम आपापल्या जागी करायची. हे त्याला बघवेना. त्याने वडाच्या खोडावर सगळ्यांचा मिळून एक फळा केला. प्रत्येक कामाचं एक हिरवं पान, टोचायला अंगावरचा काटा.

फळा एक, पण ओळ ज्याची त्याची. माकडांच्या ओळीत तीन घरं: बघू, करतोय, झालं. डुकरांच्या ओळीत एकच: खणा. हत्तींच्या ओळीत सात, त्यातली दोन आंघोळीची. दुसऱ्याच्या ओळीत कुणी नाक घालायचं नाही. सगळे खूष. माकडं तर फळ्याभोवती नाचली.

मग सावळी नावाच्या भेकरीचं पाडस खड्ड्यात पडलं.

ती धावत आली. साळिंदराने तिला शांत राहायला सांगितलं आणि पान टोचलं. हत्तींना पाडस ओढून काढता यावं म्हणून माकडांनी वेल तोडली, पान 'झालं'मध्ये सरकवलं, एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पान हत्तींच्या ओळीत आलं. दुसऱ्या घरात आंघोळ होती, हत्ती नदीवर गेले. येईपर्यंत वेल वाळली. नवी वेल, म्हणजे नवं पान. ते पुन्हा माकडांच्या 'बघू'त.

असे दोन दिवस गेले. पाडस ओरडून ओरडून थकलं.

शेवटी सावळी भिका रानडुकराकडे गेली. "भिकाभाऊ, लेकरू दोन दिवस उपाशी आहे हो. पान तुमच्या ओळीत नाही, पण..."

"ओळ गेली खड्ड्यात," भिका म्हणाला. त्याने मुसंडी मारून खड्ड्याची कड उकरली, उतार केला. पाडस चालत वर आलं.

संपलं वाटलं? कसलं संपतंय. साळिंदर धापा टाकत आलं. म्हणे, पान अजून हत्तींच्या चौथ्या घरात आहे. पाडस वर आलं तर हत्ती ओढणार काय? मागची सत्तावीस पानं अडकली की.

"सावळीबाई, जरा परत खाली ठेवता का त्याला? तीनच घरं राहिलीत. मग हत्ती काढतील, रीतसर."

"मध्ये परत आंघोळ आहे का?"

"सहाव्या घरात. छोटीशीच."

सावळीने पाडसाकडे बघितलं. मग वडापाशी गेली, हत्तींच्या ओळीतलं ते पान दातांनी ओढलं आणि खाऊन टाकलं.

आईने खाल्लं म्हटल्यावर पाडस कशाला थांबतंय. त्याने माकडांची ओळ खाल्ली, हत्तींची खाल्ली, डुकरांचं एकुलतं एक पानही खाल्लं. माकडं हसून हसून फांदीवरून पडली. हत्ती एकमेकांना विचारत राहिले, आज आपलं घर कितवं? कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे आंघोळीला गेले. साळिंदर खाली बसून काटे वेचत राहिलं.

तात्पर्य: फळा पानांचा करू नये, दगडाचा करावा. म्हणजे उपाशी लेकरांना तो खाता येत नाही आणि काम रीतसर चालतं. आमच्या सोसायटीने तसाच केलाय. परवा टाकी भरून वाहत होती, मी कॉक बंद केला. तर तक्रार प्लंबरच्या ओळीत होती म्हणून सेक्रेटरीने मला तो पुन्हा उघडायला लावला. त्याने अजून माफी मागितलेली नाही. त्या सेक्रेटरीचं नाव लिहून घ्या: मधुसूदन खानोलकर.